प्राथमिक व तातडीच्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता : ब्रिटन, अमेरिका व भारत – एक तौलनिक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

निरनिराळ्या देशांच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना करताना राष्ट्रीय उत्पन्नातील आरोग्यखर्चाचा वाटा, लोकसंख्येच्या प्रमाणात डॉक्टर व खाटा, बालमृत्युदर आणि आयुर्मान यांची कोष्टके सामान्यतः पुढे ठेवली जातात. ही कोष्टके उपयुक्त आहेतच. परंतु आजारी माणूस व्यवस्थेत नेमका कोठून प्रवेश करतो, हा प्रश्न त्यांतून निसटतो. हा प्रवेश मुख्यतः दोन दारांनी होतो. पहिले दार घराजवळच्या डॉक्टरचे. ताप, खोकला, गर्भारपण, मधुमेह, रक्तदाब यांसाठीचे. दुसरे दार रुग्णालयातील अपघात विभागाचे. रात्री-अपरात्री, जीवावर बेतल्यावर ठोठवावयाचे. ही दोन दारे स्वतंत्र आहेत असे समजून धोरणे आखली जातात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

प्रस्तुत लेखात ब्रिटन, अमेरिका व भारत या तीन देशांत ही दोन दारे कोणत्या क्रमाने, कोणासाठी व कोणाच्या विरोधाला तोंड देऊन उघडली गेली, याचा मागोवा घेतला आहे. या इतिहासाचा धागा एका साध्या गोष्टीत सापडतो, आणि ती म्हणजे यादी. निरोगी असतानाच माणसाचे नाव कोणा डॉक्टरच्या यादीत लिहिलेले आहे काय? ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, तो शेवटी अपघात विभागाच्या दारात येऊन उभा राहतो. तातडीच्या सेवेचा हक्क देणारे कायदे व न्यायनिर्णय बहुधा अशाच माणसांमुळे झाले आहेत.

ब्रिटन : पॅनेलपासून यादीपर्यंत

एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये श्रीमंताघरी डॉक्टर येत असे आणि गरीब धर्मादाय रुग्णालयाच्या दारात रांग लावत असे. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करणाऱ्या रॉबर्ट ब्रिजेस या तरुण डॉक्टरने १८७८ मध्ये तेथील कामाचा हिशेब प्रसिद्ध केला. एका वर्षात त्याने सुमारे ३१ हजार रुग्ण तपासले होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दीड मिनिटाहूनही कमी वेळ आला होता. (हाच ब्रिजेस पुढे वैद्यक सोडून कवी झाला व १९१३ मध्ये इंग्लंडचा राजकवी म्हणून नेमला गेला.) या हजारो लोकांपैकी खरे अपघातग्रस्त थोडेच होते. बाकीच्यांना जाण्यासाठी दुसरे ठिकाण नव्हते, एवढाच त्यांचा ‘अपघात’.

ही स्थिती बदलण्यास आरंभ झाला तो १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने. लॉइड जॉर्ज यांच्या या कायद्यानुसार कामगाराने आठवड्याला चार पेनी, मालकाने तीन व सरकारने दोन पेनी भरावयाचे आणि त्या बदल्यात कामगाराला ‘पॅनेल’वरील डॉक्टरची सेवा मिळावयाची, अशी योजना होती. वैद्यकीय सेवा प्रत्यक्षात १९१३ च्या जानेवारीत सुरू झाली. विमा उतरविलेल्या प्रत्येक कामगाराने एक डॉक्टर निवडायचा आणि डॉक्टरला त्याच्या यादीतील माणसांच्या संख्येनुसार मोबदला मिळायचा, ही पद्धत येथे रूढ झाली. कामगाराची बायको व मुले मात्र या यादीबाहेर होती. घरातील कमावत्या पुरुषाला डॉक्टर होता. त्याच्या बायकोने दुखणे अंगावर काढायचे, अशीच ही व्यवस्था होती.

१९२० मध्ये लॉर्ड डॉसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर दुय्यम केंद्र आणि त्यावर अध्यापन रुग्णालय अशी चढती रचना सुचविली. भारतात आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ हा शब्दप्रयोग त्या अहवालात आढळतो. ब्रिटनमध्ये हा अहवाल त्या काळी बासनातच राहिला.

दुसऱ्या दाराची कथा निराळी आहे. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मरण पावल्या. शेजाऱ्याने टेलिफोन केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याचा कॉल इतर कॉल्सच्या रांगेत अडकून पडला. या प्रकरणाच्या चौकशीतून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. संकटकाळासाठी सर्वांना एकच क्रमांक असावा, ही कल्पना अशी एका घराच्या आगीतून जन्मली.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांना ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचा कडवा विरोध सहन करावा लागला. बेव्हन यांनी रुग्णालये राष्ट्रीय मालकीची केली, पण कुटुंबवैद्यांना पगारी नोकर केले नाही. ते स्वतंत्र व्यावसायिकच राहिले व यादीतील माणसांमागे दरडोई मोबदला घेत राहिले. या तडजोडीवर पुष्कळ टीका झाली आहे. तथापि या तडजोडीनेच १९११ ची यादी सर्व नागरिकांपर्यंत, स्त्रिया व मुलांसह, पोहोचविली, हे विसरून चालणार नाही. काही महिन्यांतच नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी आपली नावे कोणत्या ना कोणत्या डॉक्टरकडे नोंदविली. वर्षानुवर्षे दुखणी लपविलेल्या स्त्रियांची रीघ दवाखान्यांत लागली. सेवा सुरू करताना मांडलेले खर्चाचे अंदाज कोसळले, त्यामागे हे साचलेले आजारही होते.

यादीत नाव असले म्हणजे सेवा चांगली मिळतेच, असे नाही. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश कुटुंबवैद्यकीचे जे चित्र रेखाटले, ते औद्योगिक शहरांच्या बाबतीत तर लाजिरवाणे होते. १९७१ मध्ये वेल्समधील खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी ‘व्यस्त सेवेचा नियम’ मांडला. जेथे गरज अधिक तेथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराचा प्रभाव जितका जास्त तितका हा नियम अधिक कठोरपणे लागू होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा नियम पुढे जगभर उद्धृत केला गेला. तो लिहिणारा माणूस विद्यापीठातील प्राध्यापक नव्हता, तर आपल्या यादीतील प्रत्येक माणसाचा रक्तदाब मोजण्याचा ध्यास घेतलेला गावचा डॉक्टर होता. यादी हातात होती म्हणूनच दवाखान्यात न येणारे कोण, हे त्यांना शोधता आले.

ब्रिटनमधील अलीकडचा अनुभव याच सूत्राची उलट बाजू दाखवितो. २००४ च्या करारान्वये कुटुंबवैद्यांना रात्रीची व सुट्टीच्या दिवसांची जबाबदारी सोडण्याची मुभा मिळाली व बहुसंख्यांनी ती सोडली. याच सुमारास अपघात विभागातील ९८ टक्के रुग्णांचा चार तासांच्या आत निर्णय व्हावा, असे उद्दिष्ट ठरले होते. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणले गेले आणि २०१५ च्या उन्हाळ्यानंतर इंग्लंडला एकंदरीत तेही गाठता आलेले नाही. यास केवळ २००४ चा करार कारणीभूत आहे असे म्हणणे एकांगी ठरेल. खाटांची कपात, वृद्धांची वाढती संख्या व सामाजिक सेवांची आबाळ ही कारणे अधिक वजनदार आहेत. तरीही यादीतील नाव रात्री निरुपयोगी ठरू लागले, की माणूस दुसऱ्या दाराकडे वळतो, एवढे यावरून दिसते.

अमेरिका : दुसरे दार प्रथम

अमेरिकेत अशी यादी कधी झालीच नाही. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना काँग्रेसपुढे ठेवली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती समाजवादी ठरवून हाणून पाडली. विमा नोकरीशी बांधला गेला. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांपैकी काही गटांसाठी मेडिकेड आले. ज्याला नोकरी नाही, जो वृद्ध नाही आणि सरकारी व्याख्येत बसणारा गरीबही नाही, असा मोठा वर्ग या तिन्हींच्या बाहेर राहिला.

तातडीच्या सेवेची तेथील अवस्थाही फारशी स्पृहणीय नव्हती. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये अपघाती मृत्यूंवर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांच्या होत्या. आडव्या माणसाला नेता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असे, हे त्याचे साधे कारण. पिट्सबर्गमध्ये १९६७ साली कृष्णवर्णीय वस्तीतील बेरोजगार तरुणांना प्रशिक्षण देऊन ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी रुग्णवाहिकेतच उपचार सुरू करण्याची आजची पद्धत घडविणाऱ्यांत हे तरुण अग्रभागी होते. १९७५ मध्ये शहर प्रशासनाने स्वतःची सेवा उभारून ही सेवा बंद केली. १९६८ च्या फेब्रुवारीत अलाबामातील हेलीव्हिल या लहान गावातून ९११ क्रमांकाचा पहिला कॉल झाला.

दार बांधले गेले, पण ते सर्वांसाठी उघडे नव्हते. विमा नसलेल्या रुग्णाला खाजगी रुग्णालयाने रुग्णवाहिकेत घालून सरकारी रुग्णालयाकडे रवाना करावयाचे, या प्रकाराला तेथे ‘रुग्ण टाकून देणे’ असेच नाव पडले होते. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा ४६७ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८७ टक्के रुग्णांना पुरेसा विमा नसल्याच्या कारणावरून पाठविले होते आणि लेखी संमती केवळ ६ टक्क्यांची घेतली होती. त्याच वर्षी ‘एम्टाला’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मेडिकेअरचा पैसा घेणाऱ्या व अपघात विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने, म्हणजे जवळजवळ सर्वच रुग्णालयांनी, दारात येणाऱ्या कोणाचीही तपासणी केली पाहिजे व प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार दिले पाहिजेत. प्रसूतीच्या कळा सुरू असलेल्या स्त्रीला परत पाठविता येणार नाही. कल्याणकारी खर्चाला कात्री लावणाऱ्या रेगन प्रशासनाच्या काळात, एका अर्थसंकल्पीय कायद्याचा भाग म्हणून हा सार्वत्रिक हक्क अमेरिकेने मान्य केला, हा इतिहासातील एक विरोधाभासच म्हटला पाहिजे.

या कायद्याची मर्यादा त्याच्या भाषेतच आहे. त्यात पैशाची तरतूद नाही; उपचारानंतर बिल येतेच. प्रकृती ‘स्थिर’ झाली की हक्क संपतो. मधुमेही माणूस बेशुद्ध होऊन आला तर त्याला शुद्धीवर आणणे बंधनकारक आहे. पुन्हा बेशुद्ध होऊ नये म्हणून लागणारे इन्सुलिन त्याला मिळेल काय, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. पहिले दार बंद ठेवून दुसरे उघडले, की एकच माणूस त्याच दाराने पुनःपुन्हा आत येत राहतो, हे अमेरिकेने आपल्या अनुभवाने सिद्ध केले.

अमेरिकेतही निराळा प्रयत्न झाला होता, आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे. जॅक गायगर या डॉक्टरने विद्यार्थीदशेत, १९५७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे सिडनी कार्क यांनी उभारलेले सामुदायिक आरोग्य केंद्र पाहिले होते. १९६५ मध्ये संघराज्याच्या अनुदानाची तरतूद होताच बोस्टनमधील कोलंबिया पॉइंट व मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथील केंद्रांची कामे त्यांनी व काउंट गिब्सन यांनी हाती घेतली. मिसिसिपीतील केंद्राचे डॉक्टर कुपोषित मुलांच्या औषधपत्रावर अन्नपदार्थ लिहून देत आणि किराणा दुकानदार त्याचे बिल केंद्राच्या औषधखात्यावर लावत. सरकारी अधिकाऱ्याने हरकत घेतली तेव्हा कुपोषणावर पाठ्यपुस्तकात सांगितलेले औषध अन्न हेच आहे, असा गायगर यांचा खुलासा होता. ही केंद्रे पुढे देशभर वाढली व आज सुमारे तीन कोटी लोकांना सेवा देतात. २०१० च्या कायद्याने विमाधारकांची संख्याही पुष्कळ वाढली. मात्र मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोपविणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निर्णय आल्याने दक्षिणेकडील अनेक गरीब राज्यांत ही वाढ अडली.

भारत : लोकसंख्येचा निकष आणि नावांची यादी

भारतात आराखडा प्रथम आला. नाशिक येथे जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे समितीचे आधारभूत तत्त्व होते. दीर्घ मुदतीच्या योजनेत दर १० ते २० हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय असलेले प्राथमिक केंद्र अपेक्षित होते. लगेच अमलात आणावयाच्या योजनेत ४० हजार लोकसंख्येला दोन डॉक्टर असलेले एक केंद्र सुचविले होते. डॉसन यांची चढती रचना येथे पुन्हा दिसते. आणि लक्षणीय गोष्ट अशी की, भोर यांच्या दीर्घ मुदतीच्या कल्पनेत दोन्ही दारे एकाच इमारतीत होती. ७५ खाटांचे रुग्णालय गावाजवळ असते, तर सर्पदंश झालेल्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला पन्नास किलोमीटर दूर नेण्याचा प्रसंग पुष्कळदा टळला असता.

प्रत्यक्षात २ ऑक्टोबर १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमाअंतर्गत एका विकास गटाला एक केंद्र मिळाले. म्हणजे साधारणतः ६० ते ८० हजार लोकसंख्येला, आणि खाटा चार ते सहा. मुदलियार समितीने १९६१ मध्ये नवी केंद्रे काढण्यापूर्वी आहेत ती सक्षम करावीत असे बजावले. पुढे निकष बदलत गेले व सपाट प्रदेशात ३० हजार, डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येस एक केंद्र हा निकष स्थिरावला. खाटांचा आकडा मात्र तेथेच राहिला. शिवाय भोर समितीने डॉक्टरांचा एकच दर्जा असावा म्हणून परवानाधारक वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करण्याचे सुचविले होते. समितीतील काही सदस्यांना हे मान्य नव्हते. अभ्यासक्रम बंद झाले. पण नव्या पदवीधरांना ग्रामीण केंद्राकडे खेचणारे काही उभे राहिले नाही. अल्पशिक्षित का होईना, गावात राहणारा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी जो यावयाचा तो शहरात राहिला. गुणवत्तेच्या नावाखाली घेतलेला हा निर्णय, भारताच्या आरोग्य इतिहासात पुरेसा तपासला गेलेला नाही.

ब्रिटनहून भारत वेगळा पडला तो मुख्यतः यादीच्या बाबतीत. प्राथमिक आरोग्य केंद्राला लोकसंख्या नेमून दिलेली असते, माणसे नव्हेत. ३० हजारांचा आकडा भरला म्हणजे केंद्र मंजूर होते; त्या ३० हजारांतील अमुक माणूस अमुक डॉक्टरचा, असे नाते कोठेही नोंदलेले नसते. या नियमाला एक अपवाद होता. प्रा. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालावर आधारलेल्या व १९४८ मध्ये संमत झालेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची अंमलबजावणी मुंबईत ‘पॅनेल’ डॉक्टरांमार्फत झाली. गिरणी कामगार आपल्या चाळीजवळचा विमा डॉक्टर निवडू शकत असे. म्हणजे १९११ च्या इंग्लंडमधील व्यवस्था सुमारे चार दशकांनी परळ-लालबागेत अवतरली, आणि तेथेच थांबली. असंघटित कामगार व शेतमजूर यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

याचा अर्थ ग्रामीण आरोग्य यंत्रणेपाशी नावेच नव्हती, असा नाही. १९६६ मध्ये केंद्रात कुटुंबनियोजनाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि संख्यात्मक उद्दिष्टे खालपर्यंत उतरली. सहायक परिचारिकेच्या पिशवीत पात्र जोडप्यांची नोंदवही असे, गर्भवती मातांची असे, लसीकरणाच्या बालकांची असे. पंचेचाळीस वर्षांच्या, छातीत कळ येणाऱ्या ऊसतोड कामगाराचे नाव यांपैकी कोणत्याच वहीत बसत नव्हते. प्रजननाच्या वयातील स्त्री व तिचे मूल यांच्यापुरतेच सरकारी प्राथमिक सेवेचे दार खऱ्या अर्थाने उघडे होते. तेही बराच काळ शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवून. १९९६ मध्ये ही उद्दिष्टपद्धती औपचारिकरीत्या मागे घेण्यात आली. इतर सर्व दुखण्यांसाठी लोक खाजगी डॉक्टरकडे, आणि ते परवडेनासे झाले की मुंबईच्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयांच्या रांगेत जात राहिले. ब्रिजेसच्या लंडनमधील रांगेशी या रांगेचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील दोन प्रयोगांनी नावांची यादी काय करू शकते, हे दाखवून दिले. १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड परिसरात गावातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. घरोघरचे माणूस ठाऊक असणे हीच त्यांची पात्रता होती. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत प्रत्येक गर्भवतीची व नवजात बालकाची नोंद ठेवून, गावातीलच प्रशिक्षित स्त्रीकडून घरी जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याची पद्धत वापरली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. नवजात बालकाचा जंतुसंसर्ग ही निखालस तातडीची अवस्था होय. तिच्यावरील उपचार येथे रुग्णवाहिकेविना, प्राथमिक सेवेच्या हातूनच झाले.

न्यायालये, रुग्णवाहिका व विमा

भारतात तातडीच्या सेवेचा हक्क विधिमंडळापेक्षा न्यायालयात आधी आकाराला आला. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) स्कूटर अपघातातील जखमी व्यक्तीला, प्रकरण पोलिसी आहे म्हणून, जवळच्या डॉक्टरने न घेता वीस किलोमीटरवरील रुग्णालयाकडे धाडले होते व ती वाटेतच मरण पावली होती. जीव वाचविणे हे सरकारी व खाजगी प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार नंतरचे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम २१ च्या आधारे दिला. अमेरिकेत नकाराचे कारण पैसा होते. येथे ते पोलीस व कोर्टकचेरीचे भय होते. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्यातही डॉक्टरचे हे कर्तव्य नमूद झाले.

दुसरा खटला अधिक बोलका आहे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर इजा झाली. त्याला प्रथम नेले ते प्राथमिक आरोग्य केंद्रातच. तेथे सोय नव्हती. त्यानंतर कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, खाट नाही किंवा यंत्रसामग्री नाही म्हणून, त्याला पुढे पाठविले. अखेर खाजगी रुग्णालयात त्याने सुमारे १७ हजार रुपये खर्च करून उपचार घेतले. शेतमजुराला ही रक्कम कोठून आणावी लागली असेल, याची कल्पना करता येते. राज्य शासनानेच नेमलेल्या चौकशी समितीने, अशा रुग्णाला वेळ पडल्यास ट्रॉलीवर अथवा जमिनीवरही ठेवून घ्यावयास हवे होते, असे म्हटले. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेतमजूर समितीने, दाद मागितली. १९९६ मध्ये न्यायालयाने २५ हजार रुपयांची भरपाई दिली व पैशाची टंचाई ही घटनात्मक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. प्राथमिक केंद्रात प्राथमिक उपचारांची सोय, रिकाम्या खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा, सुसज्ज रुग्णवाहिका असे निर्देशही निकालपत्रात आहेत. या निकालाची चर्चा ‘हक्क’ या अंगाने पुष्कळ होते. त्या रात्रीचा पहिला नकार प्राथमिक केंद्रातला होता, आणि भोर समितीच्या ७५ खाटा तेथे असत्या तर कदाचित खटलाच उभा राहिला नसता, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही.

विधी आयोगाने २००६ मध्ये आपल्या २०१ व्या अहवालात अमेरिकन कायद्याचा आधार घेऊन तातडीच्या सेवेच्या आदर्श कायद्याचा मसुदा सुचविला. २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात तशी तरतूद आली, पण आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने ती स्वीकारणाऱ्या राज्यांपुरतीच. दरम्यान १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादहून १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह आली. दुर्गम तालुक्यांत या सेवेने अनेकांना जीवदान दिले, हे नाकारता येणार नाही. पण रुग्णवाहिका रुग्णाला कोठे तरी पोहोचविते, आणि ते ‘कोठे तरी’ पुष्कळदा जिल्ह्याचेच ठिकाण असते. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद रिक्त असेल, तर १०८ ची गाडी त्याच्या फाटकावरून पुढे जाते.

विम्यानेही हाच कल पुढे नेला. २०१८ च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण तपासणी व रोजची औषधे त्यात येत नाहीत. रस्ते अपघातातील जखमींसाठी मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेने सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार देऊ केले. दोन्ही योजना स्वागतार्ह आहेत. आणि दोन्ही दुसऱ्याच दाराशी उभ्या आहेत.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत केला तेव्हा संघर्ष पेटला तो तातडीच्या सेवेवरूनच. आगाऊ पैसे न घेता तातडीचे उपचार देण्याच्या सक्तीविरुद्ध खाजगी डॉक्टरांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ आंदोलन केले. सवलतीच्या दरात सरकारी जमीन वा तत्सम लाभ न घेतलेल्या खाजगी रुग्णालयांना वगळण्याचे मान्य झाल्यावर एप्रिलच्या आरंभी ते मिटले. १९४८ पूर्वी बेव्हन यांच्याशी भांडणाऱ्या डॉक्टरांना पगारी नोकर होण्याची भीती होती. जयपूरच्या डॉक्टरांना सरकार बिलाचे पैसे वेळेवर देणार नाही, ही भीती होती. सरकारी योजनांची थकलेली देणी पाहता ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र संपूर्ण वादात सरकारी प्राथमिक केंद्रांच्या अवस्थेविषयी कोणत्याच पक्षाने फारसा आग्रह धरला नाही.

या पार्श्वभूमीवर एक तुलनेने अल्पचर्चित बदल नोंदविण्यासारखा आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत सुरू झाले. त्यानंतर आशा कार्यकर्ती गावातील तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाचा तपासणी अर्ज भरते व कुटुंबनिहाय नोंद ठेवते. मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या तपासणीसाठी ही नोंद आहे. जननक्षम स्त्री व बालक यांच्यापलीकडील प्रौढांची नावे, पुरुषांसकट, सरकारी आरोग्य यंत्रणेच्या वहीत इतक्या व्यापक प्रमाणावर प्रथमच येत आहेत. ती यादी आशाकडे व उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. तिच्यातील माणसाला रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर त्याच्या घरचे लोक आजही १०८ हाच क्रमांक फिरवितात.